ती वायर काढू नका!



थँक्सगिव्हिंग जवळ आलं की वर्गाच्या मधल्या सुट्टीत एक विषय हमखास निघतो : कोणी जुनी स्नोमोबील कितीला घेतली. मिनेसोटात राहून थंडीला नुसती नावं ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तेव्हा माझा विरोध स्नोमोबीलला नाही. विरोध आहे तो जुनी गाडी घेणाऱ्याला कोणीतरी फुकट देतंच अशा एका सल्ल्याला. "गाडी ओढत नाही ना? हँडलवरच्या सेफ्टी स्विचची वायर काढून टाका, पळेल."

पळते, हे खरं आहे. म्हणून तर भीती!

बऱ्याच जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत हा स्विच थ्रॉटलच्या खटक्यापाशी असतो. अंगठ्याने खटका दाबला की केबल ओढली जाते आणि कार्ब्युरेटरमधली स्लाइड वर उचलली जाते. अंगठा काढला की स्प्रिंग स्लाइडला खाली आणते, आणि त्या ओढीमुळे केबल ताठ राहते. स्लाइड बर्फाने किंवा घाणीने वरच अडकली, तर अंगठा काढल्यावर केबल सैल पडते. स्विचला ते कळतं आणि तो इंजिनची ठिणगी तोडतो.

आता हाच स्विच कधीकधी धडधाकट गाडीलाही अडखळायला लावतो, हे मान्य. केबलचा ताण नीट लावलेला नसला किंवा स्विचमध्ये पाणी गेलं, की काही अडकलेलं नसताना इंजिन मिसिंग करतं, मधेच बंद पडतं. पण त्यावर उपाय म्हणजे गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ताण लावणं, नाहीतर केबल किंवा स्विच बदलणं. मेकॅनिक तपासणीपुरता स्विच वेगळा करतो, तोही गाडी जागेवर उभी असताना, आणि मग परत जोडतो. ती गोष्ट वेगळी.

आपल्यापैकी अनेकांच्या आईबाबांनी, नाहीतर आजोबांनी, इंजिनाचे धडे बजाज स्कूटरवर गिरवले. पिकअप गेला की प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, कार्ब्युरेटरमधला कचरा काढा. ते ज्ञान इथे उपयोगी पडतं, कारण जुन्या स्नोमोबीलची इंजिनंही बहुतेक टू-स्ट्रोकच. पण स्कूटरची मूठ हाताने मागे फिरवता येते, क्लच दाबता येतो. इथे खटका फक्त दाबता येतो, परत आणणार ती स्प्रिंगच. हाताचा क्लचही नाही. इंजिनाचे फेरे वाढले की क्लच आपोआप पट्टा पकडतो आणि गाडी निघते. थ्रॉटल उघडा अडकला तर गाडी थांबवायला बंद करण्याचं बटन आणि अंगाला अडकवायची दोरी, एवढंच उरतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी बटन आठवेल का?

स्विचचा दोष नसेल तर ताकद जाते कुठे? बहुतेकदा पेट्रोलमध्ये. उन्हाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल आटून जेटच्या बारीक भोकांत चिकट थर धरतं. गाडी उभी असताना छान चालते आणि वेग घेताना मरते. अशा वेळी खटका आणखी दाबून गाडी रेटू नका. पेट्रोल कमी पोचलं की इंजिन तापतं, आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळायची गाडी असेल तर तेलही कमी पोचतं. मग पिस्टन जळतो आणि स्वस्तात घेतलेली गाडी चांगलीच महाग पडते. पेट्रोल पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या तडकलेल्या आहेत का बघा. हवेच्या डब्यात उंदराचं घरटंही सापडतं! इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही, असं असेल तर पट्टा झिजलाय का ते पाहा. एवढं करूनही जमलं नाही तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावं.

गाडी विकत घेताना वायर कापलेली किंवा पिळून जोडलेली दिसली, तर मालकाला कारण विचारा. "त्याने काही होत नाही" हे उत्तर मिळालं तर शंभर-दोनशे डॉलर कमी केले तरी ती गाडी मुलांसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना गाडी चालवायला प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे आता आपल्या बहुतेक आईबाबांनाही! मुलांबरोबर बसून अभ्यास करा की.

मुलांनो, कोणाच्याही गाडीवर बसण्याआधी, इंजिन बंद असताना, खटका दोन-तीनदा दाबून सोडा. हँडल पूर्ण डावीकडे वळवून पुन्हा, पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा. दर वेळी तो आपणहून झटकन परत यायला हवा. मग इंजिन सुरू करून बटनाने आणि दोरीने ते बंद होतं का, हे मोठ्यांना दाखवायला सांगा. "काका, आधी दाखवा ना" म्हणायला लाजू नका. कोणी रागावलं तर माझं नाव सांगा.