पट्टा कमवूनच मिळावा

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला घेऊन पालक कराटे-ज्युदोच्या क्लासवर आले की आपल्याकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर जाते. ‘नको, काही झालं तर?’ किंवा ‘पाठवा, मागे उभा राहून करील काहीतरी.’ एकात भीती, दुसऱ्यात दया. शिकवायची तयारी दोन्हींत नाही. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापासून सिडकोतल्या छोट्या क्लासपर्यंत, छत्रपती संभाजीनगरच्या प्रशिक्षकांनी ती तयारी आता करावी.

भीतीला कारण आहे. या मुलांचे स्नायू सैल आणि अस्थिबंध ढिले असतात. मानेचे पहिले दोन मणके सुमारे १० ते २० टक्के जणांत प्रमाणाबाहेर सरकतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण मान दुखू लागली, तिरकी राहू लागली, चाल बिघडली, हातातले बळ कमी झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सराव तिथेच थांबवून तज्ज्ञाकडे पाठवा. एक्स-रे चांगला आला तरी ही नजर ढळू देऊ नका. जवळपास निम्म्या मुलांत जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून प्रवेशाआधी मान आणि हृदय दोन्हींबाबत डॉक्टरांचे पत्र घ्या. कोलांट्या, मानेच्या पकडी, डोक्यावरचे फटके वगळा. ज्युदोतले फेकणे-पडणे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको.

एवढे सांभाळल्यावर शिकवण्यासारखे पुष्कळ उरते. ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा पाहून शिकणे या मुलांना सोपे जाते. तेव्हा एका दमात चार सूचना सोडू नका. करून दाखवा, जमिनीवर पावलांच्या खुणा आखा. काता इथे फार उपयोगी पडतो. हालचालींचा क्रम ठरलेला, समोर प्रतिस्पर्धी नाही. जागतिक कराटे महासंघाच्या पॅरा-कराटेतही खेळाडू काताच सादर करतात आणि बौद्धिक अक्षमतेसाठी तिथे वेगळा गट आहे.

खरी कसोटी बेल्ट परीक्षेची. सगळ्यांबरोबर याचाही फोटो यावा म्हणून न आलेला काता पास करणे हा त्या मुलाचा अपमान आहे. काय वगळायचे ते परीक्षेआधी लिहून पालकांना दाखवा. उरलेल्यात सूट नको. इतरांना सहा महिने लागतात तिथे याला दीड वर्ष लागले, तर लागू द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३० खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकते. आपल्या क्लासचा दरवाजा मात्र आपल्याच हातात आहे. पुढच्या तुकडीत निदान एक प्रवेश द्या, सोबतीला एक सीनियर विद्यार्थी नेमा. आणि परीक्षेत गुण देताना हात आखडू नका, सैलही सोडू नका.