चार बोटांची ढिलाई

दसऱ्याला आपण मोटार धुतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, झेंडूचा हार घालतो आणि चाकाखाली लिंबू ठेवतो. पूजा मनोभावे होते, यात शंका नाही. परंतु विदर्भातला शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलासाठी जे करतो, ते आपण मोटारीसाठी करीत नाही. तो बैलाचा खांदा शेकतो. जिथे वर्षभर जू बसले, नेमक्या त्याच जागी तो तूप-हळद चोळतो. शिंगांना रंग आणि पाठीवर झूल, हा थाट दुसऱ्या दिवशीचा. आधी विचारपूस व्हायची ती ज्या सांध्याने भार सोसला त्याची.

मोटारीलाही असे सांधे असतात. चाकाखाली ठेवलेल्या त्या लिंबापासून ते हातभरही दूर नसतात. पण चाकाच्या आतल्या बाजूला वाकून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. आपण स्टिअरिंगचे चाक फिरवले की पुढची चाके वळतात, ती याच सांध्यांच्या भरवशावर. दिवाळीच्या सुट्टीत घरची जुनी गाडी बाहेरगावी काढण्यापूर्वी या सांध्यांविषयी चार गोष्टी बोलाव्यात, असा विचार आहे.

जुन्या मोटारींची आमच्या नागपुरात वाण नाही. धंतोलीत किंवा धरमपेठेत एखाद्या फाटकाआड अजून अ‍ॅम्बॅसिडर दिसते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती निघत राहिली. कुर्ल्याची फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, तीही क्वचित नजरेस पडते. परंतु आज ‘घरची जुनी गाडी’ म्हटले की बहुधा १९९४ साली आलेली एस्टीम, १९९८ ची सिटी, १९९९ ची अ‍ॅक्सेंट किंवा त्यांच्यामागून आलेली एखादी डिकीवाली गाडी डोळ्यांसमोर येते. मुलीच्या लग्नात तिने वऱ्हाड वाहिलेले असते, आजोबांना इस्पितळात नेलेले असते. ती विकायची म्हटले की घरात अबोला सुरू होतो. विकावी असे आमचेही म्हणणे नाही. मात्र तिच्या स्टिअरिंगकडे एकदा परक्याच्या नजरेने पाहावे.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. स्टिअरिंगचे चाक फिरवले की त्याचा दांडा फिरतो. दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चक्र एका आडव्या दातेरी पट्टीला डावीउजवीकडे सरकवते. हिलाच रॅक-पिनियन म्हणतात. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये हीच रचना होती आणि एस्टीम, सिटी, अ‍ॅक्सेंटमध्येही हीच आहे. फियाटमध्ये मात्र आटे पाडलेल्या दांड्याची पेटी असे. रचना कोणतीही असो, पुढचे काम टाय रॉड नावाच्या सळ्या करतात. त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आपल्या खांद्याचे हाड जसे खोबणीत फिरते, तशी येथे एक पोलादी गोळी वाटीत फिरते. ग्रीस आत राहावे आणि धूळ-पाणी बाहेर राहावे म्हणून त्यावर रबराची टोपी असते.

नागपूरच्या हवेची दृष्ट लागते ती या टोपीला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्यावर तापणाऱ्या गाडीचे रबर वाळते आणि कडक होते. त्याला बारीक भेगा पडतात. मागोमाग पावसाळा येतो आणि त्या भेगांतून पाणी व माती आत शिरते. ग्रीस आणि माती यांचे मिश्रण पॉलिश पेपरसारखे काम करते आणि गोळी व वाटी झिजू लागतात. भरीस भर म्हणून सिमेंटच्या रस्त्याची कड आणि बाजूची फरसबंदी यांत जिथे उंचसखलपणा आहे, तिथे प्रत्येक वेळी उतरताना या सांध्याला एक हादरा बसतो. टोपी फाटली त्या दिवशी गाडी काहीच बोलत नाही. बोलते ती वर्षा-दोन वर्षांनी.

खरी मेख येथेच आहे. पंक्चर झालेले आपल्याला तत्काळ कळते, कारण ते एका क्षणात होते. स्टिअरिंगची झीज केसाकेसाने होते आणि आपला हात तितकाच केसाकेसाने तिच्याशी जुळवून घेतो. गाडी डावीकडे ओढू लागली की हात न सांगता चाक उजवीकडे धरू लागतो. चाकात ढिलाई आली की हात सतत थोडे इकडे, थोडे तिकडे करीत राहतो. मिस्त्री म्हणतो, ‘‘काकाजी, गाडीत प्ले आहे ना जी!’’ आणि काकाजी उत्तर देतात, ‘‘अरे, ती पहिल्यापासून तशीच आहे.’’ काकाजी खोटे बोलत नाहीत. त्यांच्या हाताला खरोखरच तसे वाटत असते. म्हणून रोज गाडी हाकणाऱ्याची साक्ष या खटल्यात धरता येत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलाने किंवा सुनेने फाटकाबाहेर गाडी काढताच ‘‘बाबा, स्टिअरिंग सैल आहे हो’’ असे म्हटले, तर त्यावर रागावू नये. ती टीका नसून तपासणी आहे.

हे मोजण्याचा सोपा उपाय घरीच करता येतो. त्याला दोन माणसे पुरतात. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू राहू द्यावे. एकाने बाहेर उभे राहून पुढच्या टायरकडे पाहावे. दुसऱ्याने खिडकीतून हात घालून चाक हलकेच डावीकडे न्यावे आणि टायर हलू लागताच थांबावे. तेथे चाकावर खडूची खूण करावी. मग उजवीकडे न्यावे आणि टायर हलताच दुसरी खूण करावी. दोन खुणांमधले अंतर म्हणजे तुमच्या गाडीचा प्ले.

तो किती चालतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमाने स्टिअरिंगची ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक असू नये असे ठरवले आहे. घड्याळाच्या तबकडीवर बाराच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढे हे ३० अंश. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ते सुमारे १० सेंटिमीटर भरते. ही कायद्याची शेवटची हद्द झाली, प्रकृतीची खूण नव्हे. रॅक-पिनियनची नीट राखलेली गाडी दीड-दोन बोटांतच प्रतिसाद देते. चार बोटे भरली तर मिस्त्रीकडे जाण्याचा दिवस आला असे समजावे. याच नियमात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्येक बॉल जॉइंटवर रबराची टोपी असलीच पाहिजे आणि तेथील बोल्ट वा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असल्या पाहिजेत.

शहरात फिरताना चार बोटांच्या ढिलाईने काय बिघडते, असे कोणी विचारील. सीताबर्डीच्या गर्दीत खरोखरच फारसे काही बिघडत नाही. म्हणून तर ती वर्षानुवर्षे खपते. परंतु आता आपल्या दारातून समृद्धी महामार्ग निघतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग पुरा झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जी गाडी जन्मभर धरमपेठ ते इतवारी एवढीच धावली, तीच गाडी दिवाळीत चार माणसे आणि फराळाचे डबे घेऊन शिवमडक्याच्या टोकावरून या रस्त्यावर चढते.

आता थोडा हिशेब करू. समजा, गाडीचे तोंड अवघ्या एका अंशाने भरकटले. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ती एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते आणि बाजूला सरकते १९ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. ताशी १२० च्या वेगात ती सेकंदाला ३३ मीटर जाते आणि बाजूला सरकते ५८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा हात. अशा मार्गाची एक लेन पावणेचार मीटर रुंद असते. पावणेदोन मीटर रुंदीची गाडी मधोमध चालली तरी दोन्ही बाजूंना एकेक मीटरच उरतो. तो संपायला दोन सेकंदही लागत नाहीत. त्यातला काही वेळ आपला हात ढिलाईचे अंतर कापण्यातच घालवतो. शहरात जी ढिलाई केवळ सवयीची बाब होती, तिला येथे जिवाची किंमत येते.

ढिलाईखेरीज आणखीही काही लक्षणे आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर प्रथम हवा मोजावी. पुष्कळदा दुखणे तेवढेच असते. हवा ठीक असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा. दिशा तीच राहिली तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक. ब्रेक अडकत असेल तर थोडे अंतर चालवल्यावर त्याच बाजूची रिम दुसरीपेक्षा बरीच अधिक तापते. हात जवळ नेऊनच ते कळते, स्पर्श करण्याचे साहस नको.

ताशी ८०-९० च्या सुमारास स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. परंतु अगदी कमी वेगातही चाक डगमगू लागले तर गाडी लगेच बाजूला घ्यावी. चाकाचे नट सैल झालेले असू शकतात किंवा टायर आतून फुटू लागलेला असतो. स्टिअरिंग जड झाले तर हवा आणि पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची पातळी पाहावी. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ येत नसेल तर सांधे सुकून आखडले आहेत. खड्ड्यात पुढून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला तर वाट पाहू नये. चाकाला खालून धरून ठेवणारा बॉल जॉइंट निसटला की चाक जागच्या जागी आडवे होते आणि मग स्टिअरिंग हातात असूनही उपयोग नसतो.

मिस्त्रीकडे गेल्यावर कामाचा क्रम चुकू देऊ नये. अनेक जण प्रथम अलाइनमेंट करून घेतात आणि महिन्याभरात गाडी पुन्हा ओढू लागली की दुकानदाराला बोल लावतात. झिजलेल्या सांध्यावर केलेले अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या मेजावर काढलेली रांगोळी. प्रथम हवा, मग टायर, त्यानंतर सांधे आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट व बॅलन्सिंग, हाच क्रम योग्य. गाडी उचलून चाक डावी-उजवीकडून हलवले आणि ते खटखटले तर संशय टाय रॉडवर. वर-खाली धरून हलवल्यावर खटखटले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर. ही परीक्षा आपल्या देखत करून घ्यावी. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः शिरू नये आणि दुसऱ्यालाही शिरू देऊ नये.

पेटीवाल्या जुन्या गाडीत स्क्रू आवळून ढिलाई झटपट नाहीशी करता येते. हा मोह टाळावा. झिजलेला सांधा तसाच राहतो, पेटी जड होते आणि वळणावरून चाक परत येईनासे होते. बॉल जॉइंट बदलल्यावर जिथे नटाला पिन आहे, तिथे नवी पिन घातली का, हेही विचारून घ्यावे. ती पिन पै-पैशाची आहे, पण चौघांचा जीव तिच्यावर असतो. खुद्द टाय रॉडचे टोकही छोट्या गाडीला सहसा घरच्या चार माणसांच्या एका बाहेरच्या जेवणापेक्षा महाग पडत नाही.

गाडीची पंधरा वर्षे भरली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पुढे ते दर पाच वर्षांनी येते. त्या वेळी आर. टी. ओ. त गाडीची तपासणी होते आणि ती पार पडली की आपण निश्चिंत होतो. परंतु कागदावरची पाच वर्षे रबराच्या टोपीला ठाऊक नसतात. ती एका उन्हाळ्यात फाटते आणि एका पावसाळ्यात सांधा खाऊन टाकते. म्हणून पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या आत दरवर्षी एकदा ही तपासणी व्हावी. नागपूरच्या ऋतुचक्राला हा मुहूर्त अगदी साजेसा आहे.

शेवटी एक नाजूक गोष्ट. गाडीचे वय वाढते तसे तिच्या मालकाचेही वाढते. पन्नाशीत ज्या चपळाईने हात ढिलाई सांभाळून घेत होता, ती चपळाई सत्तरीत नसते. ‘‘मी हिला तीस वर्षे ओळखतो’’ हे बाबांचे म्हणणे खरेच आहे. पण ओळखीच्या माणसाच्या प्रकृतीकडेच आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. तेव्हा गाडी विका, असे बाबांना म्हणू नये. ‘‘बाबा, निघण्याआधी तुम्ही आणि मी मिळून खडूने प्ले मोजू’’ असे म्हणावे. खुणा दोन बोटांत आल्या तर बाबांचा मान राहिला. चार बोटांत आल्या तर प्रवास दोन दिवस पुढे ढकलावा. चकल्या दोन दिवसांत शिळ्या होत नाहीत.