कानातली गिटार आणि मिरजेची जवारी

माझा भाचा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नाची रिसेप्शनं, गणपती-नवरात्रातले कार्यक्रम, कॉलेजांची स्नेहसंमेलनं. गेल्या हंगामात त्यांच्या ग्रुपने स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर काढून टाकले आणि सगळ्यांनी कानात इन-इअर मॉनिटर घातले. पंधरा दिवसांनी तो आमच्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मामू, गिटार पत्र्यासारखी वाजते. आवाजात ऊबच नाही. भारीतले इन-इअर घ्यावे लागतील, हप्त्यांवर घेतो."

मग जाता जाता, पाय दुखतात म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाला, "रात्री कानात शिट्टी वाजते, पण ते सगळ्यांनाच होतं."

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. वायरी आणि डेसिबल हा माझा प्रांत नाही. पण त्या शिट्टीने माझी झोप उडवली. त्याच्याबरोबर बसलो, वाचलं, साउंडवाल्यांशी बोललो. त्यातून माझं एक मत झालं आहे, ते इथे मांडतो.

आधी ऊब का हरवते ते पाहू. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्याला गोड वाटतो, त्यात अ‍ॅम्पच्या १२ इंची स्पीकरचा मोठा वाटा असतो. हा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे टोकदार स्वर फारसे बाहेर येऊच देत नाही. शिवाय तो आवाज खोलीत फिरून, भिंतींना लागून, थोडा छातीवर आदळून आपल्यापर्यंत पोहोचतो. प्रोसेसरमधून तार थेट मिक्सरला आणि तिथून कानात गेली की मधला स्पीकरही गेला आणि खोलीही गेली. उरतो तो सोललेला आवाज.

यावरचे उपाय महागडे नाहीत. पहिला, कानातल्या बोंडाचं माप. बोंड सैल असेल तर खर्ज बाहेर निसटतो आणि नुसती कर्कशता उरते. ते घालून गुणगुणून पाहावं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बोंड नीट बसलं. भाच्याला फोमची बोंडं लागली, काही शे रुपयांत काम झालं.

दुसरा, प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन. अ‍ॅम्पचा स्पीकर आणि त्यासमोरचा माइक यांची नक्कल करणारी ही सोय त्याच्या प्रोसेसरमध्ये होतीच, पण बंद होती! पूर्वी तो अ‍ॅम्पला जोडायचा तेव्हा तिची गरज नव्हती. ती चालू केली आणि निम्मी तक्रार तिथेच संपली.

तिसरा, इक्वलायझर. ऊब हवी म्हटलं की पोरं बेस वाढवतात. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते. त्याखाली वाढवलं तर नुसता गढूळपणा येतो आणि बेस गिटार, ढोलक यांची जागा खाल्ली जाते. त्यापेक्षा ५-६ हजारांच्या वरचा भाग कापावा, ३ हजारांच्या आसपास थोडं उतरावं, कारण आपला कान तिथे सर्वांत हळवा असतो. मग मधल्या भागातली मूळची ऊब आपोआप वर येते. शेवटी फक्त स्वतःच्या कानात किंचित रिव्हर्ब घ्यावा, म्हणजे हरवलेली खोली थोडी परत मिळते.

हे करताना मला मिरज आठवली. तिथले सतारमेकर पिढ्यान् पिढ्या तंबोऱ्याची जवारी काढत आले आहेत. घोडीचा माथा कानसीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. कुणाला झणझणीत, खुली जवारी हवी असते, कुणाला गोल, बंद. गोल जवारीसाठी कारागीर तंबोरा मोठ्याने वाजवत नाही, तो तारेचा घोडीला होणारा स्पर्श बदलतो. भाच्याच्या गिटारला कमी पडत होती ती अशी कारागिरी.

आणि ती नसली की हात एकाच बटणाकडे जातो, व्हॉल्यूमकडे. जरा वाढवला की खर्ज भरल्यासारखा वाटतोही, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. पण त्याबरोबर टोचणारं टोकही वाढतं, कान थकतो, मग आणखी वाढवायचा. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. या हिशेबाने १०० डेसिबलला मिळतात फक्त १५ मिनिटं. आमचे कार्यक्रम तीन-तीन तास चालतात.

त्यात आणखी एक वाईट सवय. प्रेक्षकांच्या टाळ्या ऐकू येत नाहीत म्हणून भाचा उजव्या कानातलं काढून ठेवायचा आणि डाव्यातला आवाज वाढवायचा. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या आलेखात डाव्या कानाची रेघ ४,००० हर्ट्झपाशी खाली वाकलेली निघाली. गोंगाटाने होणारं नुकसान बहुधा तिथूनच सुरू होतं. वय वर्षं तेवीस.

म्हणून माझं म्हणणं ग्रुप चालवणाऱ्यांना आहे. कलाकारांच्या कानात यंत्र देताना साउंडचेकला अर्धा तासही द्या. स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक लावून तो सगळ्यांच्या कानात थोडा सोडा, म्हणजे कुणी एक कान उघडा ठेवणार नाही. लिमिटर चालू ठेवा. वर्षातून एकदा सगळ्यांचे कान तपासून घ्या. कपड्यांवर आणि लाइटवर होतो त्याच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही.

आणि थोडं आम्हा शिक्षकांनाही. बी.एड.ला आम्ही भाषेची चार कौशल्यं पाठ केली: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. पहिलं श्रवण. परीक्षा मात्र बहुतेक लेखनाचीच घेतो. ऐकायला शिकवलंच नाही तर मूल मोठ्या आवाजालाच चांगला आवाज समजणार, वर्गातही आणि स्टेजवरही.

उर्दूत 'साज' म्हणजे वाद्य आणि 'सोज' म्हणजे जळणं, आतली धग. दोन्ही शब्द जोडीने येतात. भाच्याने नवे इन-इअर घेतले नाहीत. परवा त्याने मला एक कान दिला, एक स्वतः घेतला आणि हळू आवाजात वाजवून दाखवलं. सोज होता. शिट्टीचं विचारलं तर म्हणाला, "मामू, कमी झालीय. गेली नाही."