नांवांत दडलेलें गांव

आयर्लंडच्या नकाशावर ‘किल’ या शब्दानें आरंभ होणारीं गांवें पदोपदीं आढळतात. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांस तीं रणभूमीचीं स्थळें वाटावींत. परंतु आयरिश भाषेंत ‘किल’ म्हणजे बहुधा प्रार्थनामंदिर. ‘किलडेअर’ म्हणजे ओक वृक्षाचें मंदिर. तें संत ब्रिजिडनें स्थापिलें, अशी परंपरा आहे. मंदिरासाठीं जमीन मागितली तेव्हां राजा हंसून म्हणाला, “तुझी शाल झांकील तेवढी घे.” शाल अंथरतांच ती वाढत गेली आणि तिनें सारें माळरान व्यापिलें. किलडेअरजवळचें ‘कर्रा’ नांवाचें विस्तीर्ण कुरण तें हेंच, असें लोक सांगतात. आमच्या घरांतील मुलांस येथें वामनाचीं पावलें आठवतील.

१८२४ सालीं ब्रिटिश सरकारनें त्या बेटाची मोजणी आरंभिली आणि हजारों आयरिश नांवें इंग्रजी लेखनाच्या सांच्यांत बसविलीं. ध्वनि कसाबसा उरला, अर्थ गेला. सुदैवानें १८३० पासून जॉन ओडोनोव्हन हा पंडित या कामावर होता. तो गांवोगांव हिंडे, वृद्धांस नांवाचा उच्चार व अर्थ विचारी आणि जुन्या पोथ्यांशीं ताडून टिपून ठेवी. पुढें १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडून महादुष्काळ सुरू झाला. त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देशोधडीस लागलीं. कित्येक वाड्यांत अर्थ सांगावयास कोणी उरलें नाहीं.

राहिलेलें धन सांवरण्याचें काम स्वतंत्र आयर्लंडनें मुलांवर सोंपविलें. १९३७ ते १९३९ या काळांत लोककथा आयोगाच्या योजनेंत प्राथमिक शाळांतील ५०,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आजी-आजोबांस व शेजाऱ्यांस विचारून शेतांचीं, टेंकड्यांचीं, विहिरींचीं नांवें व त्यांच्या कथा वह्यांत उतरून घेतल्या. डब्लिनच्या विद्यापीठांत त्या आजही जपून ठेविल्या आहेत.

शाल खरोखर वाढली कीं नाहीं, हा वाद आम्हांस गौण वाटतो. नुसतें नांव वाचणाऱ्यास किलडेअर हें एक ठिकाण. कथा ऐकलेल्यास तेथें अजून ओक उभा दिसतो. आपल्याही घरांत मळ्याचें किंवा ओढ्याचें नांव कां पडलें हें जाणणारें एखादें वडील माणूस असेल. त्यांजपाशीं वही घेऊन बसण्याचें काम मुलांस सांगावें, आणि तें पुढच्या सुटीवर टाकूं नये.