नागपूर एका तिकिटावर दाखवा

प्रति,
आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
व्यवस्थापकीय संचालक, महामेट्रो,
प्रादेशिक कार्यालय, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ,
जिल्हाधिकारी, नागपूर,
आणि या शहरातल्या एखाद्या फाटकाची किल्ली ज्यांच्या ज्यांच्या हाती आहे ते सर्व.

विषय : नागपूर पाहायला येणाऱ्यांसाठी शहराचा एकच पास सुरू करणेबाबत.

महोदय,

वरची यादी लांबली, त्याला माझा इलाज नाही. एका साध्या मागणीसाठी एवढ्या जणांना साकडं घालावं लागतं, हीच तक्रार आहे.

अजब बंगल्याचं घ्या. १८६३ साली उघडलेलं हे मध्यवर्ती संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं, म्हणजे त्याचे साहेब मुंबईला. तिथून चालत जाता येईल अशी महाराजबाग डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, म्हणजे साहेब अकोल्याला. गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं, तिचं मुख्यालय कोलकात्याला. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, ती बिलासपूरची. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय वनविकास महामंडळाकडे, सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे, मेट्रो महामेट्रोची आणि ‘आपली बस’ महापालिकेची. शहर एक आणि मालक इतके. प्रत्येकाची वेळ वेगळी, तिकीट वेगळं, सुट्टी वेगळी. पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. तो फक्त बंद फाटकासमोर उभा राहतो आणि ऑटोवाल्याला विचारतो, ‘भाऊ, आता कुठं?’

बहुतेकदा तो दिवस सोमवार असतो. अजब बंगला, महाराजबाग आणि गोरेवाडा तिन्ही सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून एक दिवस रजा टाकून आलेल्या माणसाच्या वाट्याला नेमका तोच वार येतो. प्राण्यांना आणि कर्मचाऱ्यांना सुट्टी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तीन संस्थांनी एकमेकांशी बोलून तीन वेगळे वार घेतले असते, तर कोणाचं काय बिघडलं असतं? बोलणार कोण, हा प्रश्न आहे. त्यांना एका टेबलाभोवती बसवायची गरज आजवर कोणालाच पडली नाही.

पासची मागणी मी करतो ती यासाठी.

पास म्हटला की आपल्याकडे सवलत आठवते. युरोप करून आलेल्या मराठी घरांत पॅरिसच्या म्युझियम पासच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. तो ४८, ९६ किंवा १४४ तासांचा असतो आणि पहिल्या फाटकावर दाखवला की घड्याळ सुरू होतं. त्या क्षणापासून पर्यटकाचा वसुली अधिकारी होतो. एक संग्रहालय झालं, दोन झाली, आता तिसरं झालं की पैसे फिटले! चित्रांपुढे कोणी थांबत नाही, कारण थांबणं परवडत नाही. मोठ्या शहरांत असे पास विकणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. त्या कंपन्या प्रत्येक संग्रहालयाला दर पाहुण्यामागे ठरलेली, तिकिटापेक्षा कमी रक्कम देतात. त्यामुळे पास घेतलेल्या माणसाने जितकं कमी पाहावं तितकं त्यांच्या फायद्याचं. असला पास नागपूरला नको. इथली तिकिटं मुळात स्वस्त आहेत आणि इथलं जे सगळ्यात मोलाचं, त्याला तिकीटच नाही. दीक्षाभूमीला नाही, शून्य मैलाच्या दगडाला नाही, टेकडी गणपतीला नाही, महाल भागातल्या गल्ल्यांना नाही. सवलत द्यायची तर कशावर देणार?

आपल्या देशातली उदाहरणं जास्त कामाची आहेत. जयपूरला आमेर, हवा महल, जंतरमंतर, नाहरगड, अल्बर्ट हॉल अशा ठिकाणांचं मिळून एक तिकीट मिळतं आणि ते दोन दिवस चालतं. हंपीत विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमल महालाच्या आवारातही चालतं. हे तिथे सहज जमलं, कारण ती ठिकाणं बहुतांशी एकाच खात्याच्या ताब्यात. जयपूरला राज्याचा पुरातत्त्व विभाग, हंपीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. नागपुरात ती सोय नाही, म्हणूनच पासची गरज नागपूरला जास्त. आणि महाराष्ट्राला हे काम नवीन आहे असं कोणी सांगू नये. एसटीने १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना काढली. आज तो पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. त्या एका कागदावर हजारो मास्तरांनी, बँकेतल्या कारकुनांनी, नुकत्याच निवृत्त झालेल्या जोडप्यांनी राज्य पालथं घातलं. पैसे वाचले ते वाचलेच; पण प्रत्येक स्टँडवर खिडकीशी उभं राहून नव्याने हिशेब करावा लागला नाही, हे सुख मोठं होतं.

नागपुरात याची अर्धी तयारी झालेली आहे. महामेट्रोचा शंभर रुपयांचा एक दिवसाचा पास आहे, त्यावर दिवसभर हवं तेवढं फिरा. नारिंगी मार्गिका खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, निळसर मार्गिका लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत, आणि दोन्हींची गाठ बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला. ‘झिरो माईल’ला उतरलं की १९०७ सालचा तो दगड पाहायला मिळतो, वाळूच्या दगडाचा खांब आणि उधळलेले चार घोडे. दगडावर जबलपूर, हैदराबाद, चांदा, सिवनी अशी गावं आणि त्यांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. पाहुणे घोड्यांजवळ फोटो काढतात आणि ही अक्षरं न वाचता निघून जातात, कारण ती वाचा म्हणून सांगायला तिथे कोणी नसतं. तिथून पुढे कस्तुरचंद पार्क, मग गड्डीगोदाम. तिथे खाली रस्ता, त्यावरून रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो असे चार थर एकावर एक चढलेले दिसतात. कडबी चौकाला उतरलात तर नॅरोगेजची जुनी इंजिनं जवळ. दुसऱ्या मार्गिकेवर चितार ओळी चौक हे स्टेशन आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत तिथे उतरा. गल्लीत दोन्ही बाजूंना मूर्ती ओळीने उभ्या असतात, काहींना नुसता पांढरा हात दिलेला, काहींचे डोळे अजून काढायचे राहिलेले, आणि चितारी मान वर न करता ब्रश चालवत असतो. हे दाखवायला कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. फक्त पाहुण्याला सांगावं लागतं, की इथे उतर.

अडतं ते स्टेशनच्या जिन्याखाली. दीक्षाभूमी स्टेशनाला लागून नाही. राहाटे कॉलनीला उतरा नाहीतर काँग्रेसनगरला, पुढचा तुकडा राहतोच. रमण केंद्राचंही तसंच आणि गोरेवाडा तर मेट्रोच्या वाटेवरच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना हा शेवटचा तुकडा डोक्यावर उपरणं घेऊन चालायचा की ऑटोवाला सांगेल ते भाडं द्यायचं, हे पाहुण्याने दर वेळी नव्याने ठरवायचं. मेट्रो आणि ‘आपली बस’ एकाच पासवर चालली आणि फाटकं जोडणाऱ्या दोन-तीन छोट्या बसगाड्या ठरल्या वेळी फिरल्या, तर पासचं अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालं. आणि पास तारखेचा नको, तासांचा हवा. ४८ तासांचा. इथे उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच शहर दार लावून कूलरसमोर पडलेलं असतं, तो वेळ कोणाच्याच कामाचा नाही. संध्याकाळच्या गाडीने आलेल्याला ती संध्याकाळ, दुसरी सकाळ, दुसरी संध्याकाळ आणि तिसरी सकाळ मिळाली पाहिजे.

आता मंगळवारचं सांगतो. नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्या हौशी पर्यटकांतले पुष्कळ जण वाघासाठी आलेले असतात. विमानतळावरून टॅक्सी, टॅक्सीतून थेट ताडोबा किंवा पेंच, आणि परतीच्या वाटेवर संत्र्याची बर्फी. त्यांच्या लेखी नागपूर म्हणजे सामान ठेवायची जागा. पण ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, आणि नागपूरची सोमवारी बंद असलेली तिन्ही ठिकाणं मंगळवारी उघडी असतात! असा जमून आलेला योग तुम्हाला कुठल्याही सल्लागार कंपनीने कोट्यवधी घेऊन आखून दिला नसता. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र पूर्ण बंद असतं आणि त्याच दिवसांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. असा उत्सव दुसऱ्या शहराकडे असता, तर त्या दिवसासाठी हॉटेलं वर्षभर आधी भरली असती. आपण मात्र त्या दिवशी रस्ते बंद राहणार असल्याची सूचना तेवढी काढतो.

सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दल लष्कराला वेगळी विनंती. १८१७ च्या नोव्हेंबरात इथे झालेल्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला आणि या प्रदेशाचा इतिहास फिरला.  पण नागरिकांना आत सोडतात ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. त्या दिवशी लागणारी रांग पाहिली की लोकांना काय हवं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. लष्कराची जागा आहे, मोकाट फिरू देता येणार नाही, हे मान्य. पण पास काढताना ओळखपत्र नोंदवलेल्या मोजक्या माणसांना महिन्यातल्या एका रविवारी जवानांच्या सोबतीने आत नेणं अशक्य नसावं. नाव, ओळखपत्र, वेळ सगळं आधी हातात असलेला पाहुणा रांगेतल्या अनोळखी गर्दीपेक्षा सुरक्षेच्या दृष्टीने केव्हाही सोयीचा.

एक पथ्य मात्र पाळा. दीक्षाभूमीला पासवरचं ‘आकर्षण’ करू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे लोक फिरायला येत नाहीत. दरवर्षी अशोक विजयादशमीला जे येतात ते रेल्वेच्या साध्या डब्यातून, डोक्यावर पिशवी आणि कडेवर पोर घेऊन येतात. नागपूरला येणाऱ्यांत सगळ्यात मोठी संख्या त्यांची आहे, हॉटेलांत उतरणाऱ्यांची नाही. त्यांच्यातल्या अनेकांना कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहायचं असतं, बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या चिचोलीच्या शांतिवनात जायचं असतं, आणि बस कुठून मिळेल हे विचारत ते चौकाचौकांत उभे असतात. त्या दिवसांत या वाटेसाठी पास फुकट ठेवा, किंवा नाममात्र दहा रुपये घ्या. ज्या पासमध्ये ही माणसं बसत नाहीत तो शहराचा पास नव्हे, हॉटेलांचा.

यादी फुगवायचा मोह होईल, तो टाळा. वॉटर पार्क, मॉल, सेल्फी पॉइंट असं काहीही त्यात कोंबू नका. सावजीच्या रश्श्यावर दहा टक्के सूट देऊ नका, तो पूर्ण पैसे देऊन, नाक-डोळे पुसत खायचा पदार्थ आहे. रामटेकला पहिल्या टप्प्यात हात घालू नका. ते पन्नास किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे मेट्रो कन्हानपर्यंत जायची आहे, ती गेली की कामठीचा प्रश्न सुटेल, तोवर एक बस पुरे.

पहिल्या वर्षी एवढंच करा : मेट्रो, ‘आपली बस’, अजब बंगला, रमण केंद्र, महाराजबाग, रेल्वे संग्रहालय आणि गोरेवाडा यांचा मिळून एक पास. रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि बर्डीचं मेट्रो स्टेशन या तिन्ही जागी तो मिळू द्या. पाठीमागे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत कोण कधी बंद असतं ते मोठ्या अक्षरांत छापा, आणि उचलला जाईल असा एक फोन नंबर. फाटक अचानक बंद निघालं तर त्या नंबरवर एका माणसाने ‘ही माझी जबाबदारी’ म्हणायला हवं. आज असं म्हणणारा माणूस या शहरात नाही, आणि पास विकला की तो नेमावाच लागेल.

पैशांचा हिशेब तुमचे लेखाधिकारी घालतील. कोणत्या फाटकावर किती पास दाखवले गेले ते मोजायचं आणि त्या प्रमाणात वाटणी करायची, यात अवघड काही नाही. अवघड आहे ते अकोला, मुंबई, कोलकाता आणि बिलासपूरहून होकार मिळवणं. म्हणूनच हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांनाही लिहिलं आहे, सगळ्यांना एकत्र बोलावण्याचा मान त्यांच्याकडे आहे.

१ ऑक्टोबरला ताडोबाचं गाभा क्षेत्र उघडतं, पाठोपाठ धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सगळं मंत्रिमंडळ इथेच मुक्कामाला असतं. त्याआधी एक बैठक लावा आणि सोमवारच्या सुट्टीचा विषय त्यात पहिला घ्या. बैठकीची तारीख जाहीर करा, म्हणजे आम्हा नागपूरकरांना पाठपुरावा करता येईल.

आपला,
एक नागपूरकर