दीड रुपयाचं नाणं

गेल्या महिन्यात ऑफिसमधले चौघं वीकेंडला वायनरी बघायला नाशिकला आले होते. माझं गाव निफाड, त्यामुळे मुक्काम आमच्याकडेच. शनिवारी तिकीट काढून वायनरीची टूर झाली, घोट घोट चाखून झालं, फोटो झाले. रविवारी करायचं काय? बाबा म्हणाले, "आपल्या ओळखीच्यांचा गोळ्यांचा कारखाना आहे, बघून या." गोळ्या म्हणजे चघळायच्या, रुपयाला एक मिळतात त्या.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. काका, काकू, त्यांचा मुलगा आणि कामाला पाच-सहा बायका. साखर आणि लिक्विड ग्लुकोजचा पाक साधारण १४५ अंशांपर्यंत चढवायचा आणि तेल लावलेल्या थंड टेबलावर ओतायचा. जरा निवला की सायट्रिक ॲसिड, रंग, इसेन्स घालून मळायचा. मऊ आहे तोवरच दोरीसारखा ओढून साच्यातून काढायचा, उशीर झाला की नुसती काच! वर लगेच कागदात गुंडाळायचं, कारण उघडी गोळी हवेतला ओलावा ओढून चिकट होते. पावसाळ्यात तर डोक्याला ताप. उन्हाळ्यात त्या कढईशेजारी मी दहा मिनिटं उभा राहू शकलो नसतो.

पाहून झालं आणि आमचं कन्सल्टिंग सुरू झालं. (आयटीवाल्यांचा जुना रोग!) ब्रँडिंग करा, ऑनलाईन विका, ऑटोमेशन करा. एकजण म्हणाला, "काका, भाव का नाही वाढवत?"

काका म्हणाले, "भाऊ, सरकारला दीड रुपयाचं नाणं काढायला सांगा, मग वाढवतो."

आम्ही हसलो. पण रात्री विचार केला तेव्हा कळलं, अख्खं अर्थशास्त्र त्या एका वाक्यात होतं. साखर, ग्लुकोज, वीज, मजुरी, सगळ्यांचे भाव हळूहळू चढतात. गोळीचा भाव मात्र नाण्याला बांधलेला. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. ५० पैशांचं कायद्याने चालतं, पण दुकानदार घेत नाही. म्हणजे रुपयानंतरची पायरी थेट दोन रुपये, शंभर टक्के वाढ! तोवर मधला सगळा भार बनवणाऱ्याने सोसायचा, नाहीतर गोळी बारीक करत जायची.

हे फक्त शेडवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. आमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखरेची कंपनी काढली, पुढे गोळ्याही सुरू झाल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक... आठवलं ना? फेब्रुवारी २०२४ मध्ये तो गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २७ कोटींना घेतला. संघटित आणि असंघटित दोन्हीकडून स्पर्धा, वाढलेले खर्च आणि त्या मानाने न वाढवता येणारा भाव, ही कारणं कंपनीनेच दिली होती. (त्या असंघटितांत काकांसारखेही आलेच, हे मान्य.)

पण विकलं काय गेलं, ते बघा. ब्रँड आणि रेसिपी. जमीन, इमारत, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. आपल्या भाषेत, सोर्स कोड विकला आणि टीम बाकावर! नावाला किंमत आहे, चवीला किंमत आहे, आपल्या बालपणीच्या आठवणीलाही किंमत आहे. किंमत नाही ती बनवण्याला.

आणि तेव्हा आपण काय केलं? "माझं बालपण गेलं" म्हणून ढसाढसा फॉरवर्ड केले. त्यातल्या किती जणांनी आदल्या वर्षी एक तरी मँगो मूड विकत घेतली होती? मी नव्हती घेतली. पूर्वी निदान सुट्ट्याऐवजी गळ्यात पडायची, आता स्कॅन करून मोकळे होतो.

"बाजाराचा नियम आहे, टिकेल तो टिकेल," असं म्हणणारे येतीलच. ठीक आहे. पण मग रडू नका. बाजार म्हणजे आकाशातून पडलेला कोणी नाही, तो आपणच आहोत. दीडशेची कॉफी पिताना आपण भाव विचारत नाही आणि गोळी दोन रुपयांची झाली की "लुटतात" म्हणतो.

निघताना काकांनी प्रत्येकाच्या हातात गोळ्यांची एकेक पिशवी दिली. पैसे विचारले तर "राहू द्या, पाहुणे तुम्ही." आम्हीही एकदाच विचारलं आणि पिशव्या घेऊन गाडीत बसलो. वायनरीत मात्र तिकीट काढून वर बाटल्याही विकत घेतल्या होत्या.

लाज वाटली ती पुण्याला पोचल्यावर. पुढच्या खेपेला पैसे आधी देणार, मगच शेडमध्ये पाऊल टाकणार. असो. तुमच्या गावातही अशी एखादी शेड असेलच. बघायला जरूर जा, पण पाहुणे म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून जा.