स्वयंपाकघरात सिलिंग लाइट बसवताय? आधी गळती थांबवा!

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर म्हणजे भरपूर पावसाचा भाग. इथे स्वयंपाकघरात पीओपी किंवा जिप्समचे सिलिंग करण्याआधी छताची गळती बंद करायला हवी. सिलिंग झाकले की ओल दिसत नाही. पण ती २३० व्होल्टच्या वायरींपर्यंत पोहोचू शकते.

वायरचे जोड नुसत्या चिकटपट्टीवर न सोडता जंक्शन बॉक्समध्येच घ्या. एलईडीच्या ड्रायव्हरभोवती हवा खेळू द्या.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो. माणसाला शॉक बसताना पडेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवे.

काम परवानाधारक वायरमनलाच द्या. डिझाइनवर हजारो रुपये घालून सुरक्षेत काटकसर नको.